परवानेसाहेब विकायचे राहिले

अणुवीज केंद्र विकलं गेलं तेव्हा त्यातलं सगळं विकलं गेलं, फक्त परवानेसाहेब विकायचे राहिले.

भट्टी गेली, टर्बाइन गेलं, धुरांड्यासारखा दिसणारा पण आयुष्यात कधी धूर न सोडलेला तो अवाढव्य टॉवर गेला, बागेतली बाकं गेली आणि हजेरीपटासकट सगळी माणसं नव्या कंपनीत गेली. पण अणुभट्टी चालवायचा परवाना हा प्रकार खुर्च्या-टेबलांबरोबर टेम्पोत टाकून नेता येत नाही. नवा मालक भट्टी सांभाळायला लायक आहे की नाही हे नियामक मंडळ तपासतं आणि मगच परवाना त्याच्या नावावर करतं. तोवर भट्टी नव्याची असली तरी जबाबदारी जुन्याची. आता जबाबदारी घ्यायची तर जुनं कोणीतरी शिल्लक असायला हवं. जुन्या कंपनीचे संचालक एव्हाना निरोपाची भाषणं ठोकून पांगले होते. उरला होता परवाना विभाग, आणि परवाना विभागात उरले होते परवानेसाहेब.

हे त्यांचं आडनाव नव्हे. पण सगळी नोकरी त्यांनी याच विभागात काढली. परवान्यांची नूतनीकरणं, परवान्यांच्या दुरुस्त्या, दुरुस्त्यांच्या प्रती, असं करता करता लोक त्यांचं खरं नाव विसरले आणि हळूहळू तेही त्या नावाने हाक मारल्यावर जरा उशिरानेच वळून बघू लागले. स्वभावाने ते अत्यंत नेटके. पेन्सिलीला टोक, कागदाला समास आणि बोलण्याला "माझ्या माहितीप्रमाणे" ही सुरुवात, या तीन गोष्टींशिवाय त्यांचं पान हलत नसे. यंत्रांच्या मात्र ते वाटेला गेले नव्हते. भट्टीने त्यांना पाहिलं नव्हतं आणि त्यांनी भट्टीला. दोघांचा संसार कागदोपत्री सुखाने चालला होता.

"काका, थोड्या आठवड्यांचा प्रश्न आहे," नव्या कंपनीने पाठवलेले नवे साहेब म्हणाले. वयाने तरुण, बोलायला गोड आणि सतत कुठेतरी निघालेले. "परवाना आमच्या नावावर झाला की तुम्हीही आमच्यात. तोवर तुम्ही तेवढे जुने राहा."

'काका' हे संबोधन परवानेसाहेबांना लागलं. पण पुढचं वाक्य ऐकून ते विसरायला झालं. त्यांना 'परवानाधारकाचे मुख्य प्रतिनिधी' असं पद मिळणार होतं. इतक्या वर्षांत त्यांच्या पदाच्या आधी 'मुख्य' हा शब्द आला नव्हता. त्यांनी होकार दिला.

घरी ही बातमी सांगितली तेव्हा बायकोने आधी नीट चौकशी केली.

"म्हणजे आता जुन्या कंपनीत तुमच्या वर कोण?"

"कोणी नाही."

"आणि खाली?"

"खालीही कोणी नाही."

"मग निम्मी बढती झाली म्हणायची," ती म्हणाली आणि तिने तेवढ्यावर आनंद मानला.

समोरच्या फ्लॅटमध्ये जजसाहेब राहत. ते जज कधीच नव्हते. कोर्टात कारकून होते, पण निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःला बढती देऊन घेतली होती आणि इमारतीनेही ती मान्य केली होती. कुणाच्या घरी कसलाही कागद आला की जजसाहेब चष्मा पुसत हजर होत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मिटून विचारलं, "कायद्याच्या दृष्टीने भट्टी चालवायचा अधिकार कोणाचा?"

"जुन्या कंपनीचा."

"आणि जुनी कंपनी म्हणजे कोण?"

परवानेसाहेबांनी स्वतःकडे बोट दाखवलं.

"म्हणजे भट्टी तुमची," जजसाहेबांनी निकाल दिला.

संध्याकाळपर्यंत तो जिन्यावरून खालपासून वरपर्यंत पोचला. दुसऱ्या दिवसापासून लोक लिफ्टमध्ये त्यांना जागा करून देऊ लागले. आणि कुणाच्याही घरी दिवा जरा मिणमिणला की बेल परवानेसाहेबांच्या दाराची वाजू लागली. फ्यूज उडालाय हे लोकांना समजावता समजावता त्यांचा घसा बसला.

तिकडे हस्तांतराचा अर्ज मंडळाकडे गेला. तो इतका जाडजूड होता की तो न्यायला हातगाडी लागली. मंडळाने पोच दिली. मग प्रश्न पाठवले. प्रश्नांची उत्तरं गेली, तर उत्तरांवर प्रश्न आले. त्यांचं समाधान होतंय तोवर मंडळाच्या एका सदस्याची मुदत संपली आणि नवा सदस्य नेमला जाईपर्यंत मंडळाची बैठकच भरेना. नवा सदस्य आला, तो म्हणाला, मला सगळं पहिल्यापासून वाचू द्या. यात त्याचं काही चुकलं असं म्हणता येत नाही, पण त्या दिवशी नव्या साहेबांनी आपल्या केबिनचं दार जरा जोरात लावलं. थोड्या आठवड्यांचे महिने झाले, आणि बघता बघता कॅलेंडरही बदलायची वेळ आली.

या काळात परवानेसाहेबांची जी शोभा झाली ती सांगण्यासारखी आहे. केंद्राच्या फाटकावर नव्या कंपनीने नवं यंत्र बसवलं. त्याला कार्ड दाखवलं की आडवा दांडा वर जाई. परवानेसाहेबांच्या कार्डाला पाहून तो जागचा हलेना. बरोबरच होतं, ते नव्या कंपनीचे नव्हतेच. त्यांना रोज 'पाहुणा' असा बिल्ला लावून आत यावं लागे, आणि नियमाप्रमाणे पाहुण्याला एकट्याने फिरता येत नसल्याने त्यांच्याबरोबर सतत एक सुरक्षारक्षक असे. हा गृहस्थ दाराच्या चौकटीतून वाकून आत शिरेल इतका उंच आणि दिवसभरात मोजकी वाक्यं बोलेल इतका शांत होता. ऑफिसने त्याचं नाव 'सावली' ठेवलं. परवानेसाहेब पत्र लिहीत, सावली शेजारी बसे. परवानेसाहेब स्वच्छतागृहात जात, सावली बाहेर उभी राही आणि आतून फार वेळ आवाज आला नाही तर अदबीने खाकरे.

आणि याच माणसाच्या सहीशिवाय भट्टीची एक कळ दाबायची सोय नव्हती. कारण परवाना जुन्या कंपनीचा, आणि जुनी कंपनी म्हणजे हेच. म्हणजे कंट्रोल रूमच्या बाहेर ज्याला एकट्याने फिरायची परवानगी नाही, त्याची परवानगी घेतल्याशिवाय कंट्रोल रूममध्ये काही हलायचं नाही. परवानेसाहेबांना हा विनोद कळला नाही असं नाही. पण ज्याच्यावर विनोद होतो त्याला तो जरा उशिरा आवडतो.

कॅन्टीननेही त्यांना ओळख दाखवली नाही. जेवण नव्या कंपनीच्या माणसांसाठी होतं. पहिल्या दिवशी ते बिस्किटांवर राहिले. दुसऱ्या दिवशी सावलीने आपला डबा उघडून मध्ये ठेवला आणि "बायकोला सांगितलंय जास्त भरायला" एवढंच म्हणून खायला सुरुवात केली. परवानेसाहेबांनी आधी "नको, नको" म्हटलं, मग दोन घास खाल्ले, मग निम्मा डबा संपवला. कंट्रोल रूमच्या शिफ्टप्रमुख बाई येता-जाता एखादं फळ त्यांच्या टेबलावर ठेवून जाऊ लागल्या. आपल्याला ही माणसं सांभाळताहेत हे परवानेसाहेबांच्या लक्षात येत होतं, पण मान दुखावलेली असली की आभार चटकन तोंडातून निघत नाहीत.

अशात केंद्र इंधन बदलायला बंद केलं गेलं. नेहमीचं काम होतं. इंधन बदलायचं, तपासण्या करायच्या आणि परवानाधारकाच्या सहीने भट्टी पुन्हा सुरू करायची. इंधन बदललं. तेवढ्यात मंडळाकडून प्रश्नांची आणखी एक थप्पी आली. खाली सही होती तपासनीस बाईंची. या बाईंना परवानेसाहेबांनी पाहिलेलं नव्हतं, पण मनात त्यांचं चित्र पक्कं होतं: उंच, जाड भिंगांचा चष्मा, आणि लोकांचं आयुष्य लांबवण्यात आनंद मानणाऱ्या. या वेळी त्यांनी विचारलं होतं की आणीबाणीच्या डिझेल इंजिनांच्या रबरी नळ्या शेवटी कोणी, केव्हा आणि प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिल्या?

परवानेसाहेबांचा संयम सुटला. म्हणजे त्यांनी पेन्सिल जरा जोरात टेबलावर ठेवली. बाहेरची वीज गेली तर भट्टी आपोआप बंद पडते, पण ती तापलेली राहते. तिला थंड ठेवणारे पंप तेव्हा ही डिझेल इंजिनं चालवतात, एवढं त्यांना माहीत होतं. इंजिनांच्या तपासणीचे कागद फायलीत होते, सगळ्यांवर सह्या होत्या. 'नियमित पाहिल्या आहेत' असं लिहून टाकावं म्हणून त्यांनी पेन उघडलं. पण 'प्रत्यक्ष डोळ्यांनी' हे शब्द त्यांच्या नेटकेपणाला टोचत राहिले. ज्याने पाहिलं नाही त्याने 'पाहिलं' लिहायचं हे त्यांच्या समासात बसेना.

"चला," ते सावलीला म्हणाले. "नळ्या बघून येऊ."

"कुठल्या?" सावलीने विचारलं.

"तेही बघूनच येऊ."

इंजिनघरात दोन इंजिनं होती, एकेक खोलीएवढं. शिफ्टप्रमुख बाईंनी शिरस्त्राण दिलं, ते परवानेसाहेबांच्या कानांपर्यंत उतरलं. वाकून, विजेरी धरून ते एका पाइपाखाली शिरले. पँटला तेल लागलं. डोकं कशावर तरी आपटलं. कोपर कशात तरी अडकलं. शेवटी दंडाएवढी जाड काळी नळी दिसली. त्यांनी ती बोटाने जरा चाचपली, आणि तिचा पापुद्रा त्यांच्या हातात आला.

सगळ्या नोकरीत त्यांनी पहिल्यांदा यंत्राला हात लावला होता आणि पहिल्याच फटक्यात ते मोडलं होतं. ते पाइपाखालून बाहेर आले ते हात पुढे धरून, जणू काही त्यात जखमी पाखरू आहे.

"माझ्या माहितीप्रमाणे," ते म्हणाले, "हे माझ्याकडून तुटलं."

शिफ्टप्रमुख बाई आत शिरल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता.

"साहेब, हे तुम्ही तोडलं नाहीत. आतपर्यंत तडे गेलेत. दुसऱ्या इंजिनाचंही तसंच असणार, दोन्ही नळ्या एकाच वेळी बसवलेल्या आहेत. चाचणीला इंजिन थोडाच वेळ चालवतात, तेवढा वेळ नळी टिकायची. खरी गरज पडली असती आणि तासन्‌तास चालवावं लागलं असतं, तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. केलं नाही तेच बरं झालं, कारण परवानेसाहेब खाली बसले होते.

नळ्या बदलायच्या, यात काही वाद नव्हता. पण आणायच्या कोणी? जुन्या कंपनीला नळी घ्यायचा अधिकार होता, पण खरेदी विभागच उरला नव्हता. पुरवठादाराने सांगितलं, तुमची कंपनी आमच्याकडे बंद झालेली दिसते. नव्या कंपनीकडे खरेदी विभागाचा अख्खा मजला होता, पण त्यांचे वकील म्हणाले, परवाना नावावर नसताना भट्टीच्या सुरक्षेची वस्तू आपण घेतली तर विनापरवाना ताबा घेतल्यासारखं होईल. मंडळाला विचारलं, तर मंडळ म्हणालं, प्रश्न चांगला आहे, बैठकीत ठेवू. बैठक कधी? सदस्य वाचताहेत.

दोन रबरी नळ्या. आणि त्यांच्यापायी अख्खं केंद्र बंद. शहरात विजेची ओढाताण सुरू झाली, रोज थोडा वेळ दिवे जाऊ लागले. वर्तमानपत्रात 'परवाना अडला, शहर अडलं' असा मथळा आला. लिफ्टमध्ये परवानेसाहेबांना आता जागा कुणी करून देईना. एका बाईंनी तर त्यांच्या बायकोला भाजीच्या दुकानात ऐकवलं, "तुमच्या मिस्टरांना सांगा, एवढं धरून ठेवू नये माणसाने."

नव्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. सावली दाराशी उभी राहिली. शिफ्टप्रमुख बाई कुठलासा अहवाल द्यायला आत आलेल्या होत्या, त्याही थांबल्या.

"काका, सही करा आणि भट्टी सुरू करू या," नवे साहेब म्हणाले. "रबर वरवरचं सोललंय. चाचणीत इंजिन चालतंय ना? बाहेरची लाइन शेवटची कधी गेली होती, तुम्हाला तरी आठवतं का?"

परवानेसाहेबांना आठवत नव्हतं.

"बघा. नळ्या येतील सावकाश. लोक अंधारात बसलेत. सगळे तुमच्या एका सहीसाठी थांबलेत."

"मग तुम्हीच करा सही."

"मला अधिकार नाही."

"आणि मला धीर होत नाही," परवानेसाहेब म्हणाले.

हे बोलल्यावर त्यांनाच लाज वाटली. तत्त्वाचं काहीतरी बोलायला हवं होतं, असं त्यांना जिना उतरताना वाटत राहिलं. तत्त्वाची वाक्यं त्यांना तिसऱ्या पायरीवर सुचायला लागली. तेवढ्यात शिफ्टप्रमुख बाई मागून आल्या.

"साहेब, तुम्ही सही केली असतीत तर मला भट्टी सुरू करावी लागली असती," त्या म्हणाल्या. "फार बरं केलंत घाबरलात ते."

त्या दिवशी घरी ते कोपऱ्यात बसून होते. बायकोने त्यांच्याकडून सगळी हकीकत काढून घेतली. ती काही बोलायच्या आत बेल वाजली. जजसाहेब दारात उभे होते. त्यांना माळ्यावरून काही काढायचं होतं, शिडी हवी होती. बायकोने शिडी दिली.

जजसाहेब शिडी उचलून निघाले आणि परवानेसाहेब एकदम उभे राहिले.

"थांबा. ही शिडी आम्ही तुम्हाला विकली का?"

जजसाहेब चपापले. "परत देणार आहे हो. गेल्या वेळी जरा उशीर झाला, पण..."

"तसं नाही. हे जे आत्ता झालं, ही खरेदी झाली का?"

प्रश्न कायद्याचा आहे हे कळताच जजसाहेबांनी शिडी भिंतीला टेकवली आणि चष्मा पुसला. "खरेदी नाही," ते सावकाश म्हणाले. "विक्री नाही. मालकी बदललेली नाही. ही उसनवारी. शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिलेली वस्तू."

आयुष्यात पहिल्यांदा जजसाहेबांचा सल्ला उपयोगी पडला. त्यांना स्वतःलाही त्याचा धक्का बसला असावा, कारण ते शिडी न घेताच घरी गेले.

दुसरं अणुवीज केंद्र बरंच लांब होतं, पण तिथेही एक परवाना विभाग होता आणि त्या विभागात एक गृहस्थ होते. परवानेसाहेबांनी आणि त्यांनी वर्षानुवर्षं एकमेकांना 'प्रत माहितीसाठी' पाठवली होती. बोलणं कधी झालं नव्हतं. परवानेसाहेबांनी फोन लावला. पलीकडून आवाज आला, "तुम्हीच का ते? तुमचे समास फार छान असतात हो."

परवानेसाहेब खुर्चीत सरळ होऊन बसले. समासांचं कौतुक त्यांच्या कानांवर पहिल्यांदाच पडत होतं.

त्या गृहस्थांनी सगळं ऐकलं, भांडारात चौकशी केली आणि कळवलं: इंजिनं त्याच जातीची, नळ्या शिल्लक आहेत, प्रमाणपत्रासकट डब्यात बंद. एका परवानाधारकाने दुसऱ्या परवानाधारकाला उसन्या द्यायला आमची हरकत नाही. मंडळाला दोघेही कळवू. दोघांनी कळवलं. तपासनीस बाईंचं उत्तर आलं, आणि चक्क लगेच आलं: हरकत नाही, बसवल्यावर स्वतः पाहायला येईन.

नळ्या आणायला परवानेसाहेब भाड्याच्या गाडीने निघाले. फाटकाबाहेर त्यांना सावलीची गरज नव्हती, पण सावली सुट्टी टाकून आली. का, असं विचारल्यावर "एकटे कुठे जाल" एवढंच म्हणाली. परतताना रस्त्यात चाक पंक्चर झालं आणि गाडीचा जॅक मोडका निघाला. रस्त्याकडेला परवानेसाहेब मांडीवर डबे घेऊन बसले, तान्हं बाळ घेऊन बसावं तसे, आणि पुढची गाडी थांबवून जॅक मागून आणेपर्यंत सावली उन्हात हात करत उभी राहिली. केंद्रावर पोचले तेव्हा पाहुण्यांची वेळ संपली होती. नळ्या परवानाधारकाचा माल म्हणून ताबडतोब आत गेल्या. परवानाधारक बाहेर राहिला. शिफ्टप्रमुख बाईंनी स्वतः फाटकावर येऊन डबे ताब्यात घेतले आणि हात जोडल्यासारखं केलं. परवानेसाहेबांना त्या दिवशी फाटकाबाहेर राहण्याचं काही वाटलं नाही.

तपासनीस बाई आल्या. त्या बुटक्या होत्या, चष्मा नव्हता, पायात रबरी बूट आणि हातात विजेरी. नव्या कंपनीच्या सुटाबुटातल्या मंडळींकडे फारसं न बघता त्या सरळ इंजिनाखाली शिरल्या. बाहेर आल्यावर त्यांनी परवानेसाहेबांना विचारलं, "जुनी नळी तुम्ही पाहिलीत?"

"हो."

"बरं झालं. कंपनी विकली जाते तेव्हा सगळे कागद बघतात. वस्तूकडे बघायचं राहून जातं. म्हणून मी विचारते. लोकांना राग येतो."

"छे, छे," परवानेसाहेब म्हणाले. न पाठवलेल्या रागीट उत्तरांचा अख्खा कप्पा त्यांच्या ऑफिसात बंद होता.

परवानेसाहेबांनी सही केली आणि भट्टी सुरू झाली. शहरातले दिवे जायचे थांबले, लिफ्टमधली जागा परत मिळाली, आणि मंडळाचे सदस्य वाचत राहिले.

मग एका दुपारी वादळ आलं. परवानेसाहेब कंट्रोल रूमला लागून असलेल्या खोलीत सावलीबरोबर जेवत होते. बाहेर पत्रे उडत असल्याचे आवाज येत होते. एकाएकी दिवे गेले. केंद्राला बाहेरून येणारी लाइन तुटली होती. काचेपलीकडे शिफ्टप्रमुख बाई उभ्या राहिलेल्या दिसल्या, अगदी स्तब्ध. भट्टी आपोआप बंद पडली. घास हातात धरून परवानेसाहेब ऐकत राहिले. कुठलाही आवाज येईना. मग जमिनीतून एक थरथर आली, पायांतून वर चढली, आणि लांबून इंजिनांचा खर्ज घुमू लागला. दिवे परत आले.

इंजिनं चालत राहिली. दुपार गेली, संध्याकाळ झाली, तरी चालत राहिली. शिफ्टप्रमुख बाई मधून मधून कुणाला तरी इंजिनघरात पाठवत आणि तो येऊन "नळ्या ठीक" म्हणे. प्रत्येक वेळी परवानेसाहेब मान डोलवत, जसं काही ते स्वतः पंप ओढताहेत. लाइन जोडली गेली तेव्हा शिफ्टप्रमुख बाई बाहेर आल्या, त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "साहेब, जेवून घ्या. डबा तसाच आहे."

सावलीने नाक पुसलं. सर्दी झाली असावी.

परवानेसाहेब घरी आले तेव्हा इमारतीत अंधार होता. वादळाने गल्लीतल्या ताराही पाडल्या होत्या. जिन्यात मेणबत्त्या घेऊन लोक जमले होते आणि सगळे त्यांच्यावर तुटून पडले. फ्रीजमधलं दूध नासलं, लिफ्ट अडकली, मुलांचा अभ्यास राहिला. जजसाहेबांनी तर नुकसानभरपाईचा मुद्दा काढला. परवानेसाहेबांनी एकेकाचं म्हणणं शांतपणे ऐकलं. सगळी माणसं समोर धडधाकट उभी होती, भांडत होती, नासलेल्या दुधाबद्दल बोलत होती. त्यांना ती सगळी फार आवडली. एरवी ज्यांच्याशी ते मोजून बोलत त्या खालच्या मजल्यावरच्या काकांचा हात त्यांनी धरला आणि सोडलाच नाही.

"तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" बायकोने आत आल्यावर विचारलं.

"फार बरं वाटतंय," ते म्हणाले आणि आंघोळीला गेले.

हस्तांतराला मंजुरी यायला त्यानंतरही बराच काळ गेला. ती आली त्या दिवशी जुनी कंपनी दुपारी संपली आणि परवानेसाहेब नव्या कंपनीत रुजू झाले. 'मुख्य' हा शब्द गेला. नव्या साहेबांनी त्यांच्याशी हस्तांदोलन केलं आणि इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, "त्या दिवशी सही केली नाहीत, साहेब. मी रोज त्याचा विचार करतो." 'काका' म्हणाले नाहीत. परवानेसाहेबांनाच उलट त्याची चुटपुट लागली; म्हणाले, "काका म्हटलंत तरी चालेल."

पण एक गोष्ट त्यांच्या मनात राहिली होती. त्यांनी हिशेब मांडला, तो असा की परवाना वेळेवर हस्तांतरित झाला असता, तर नळ्यांचा तो प्रश्न आलाच नसता. जुन्या सह्यांवर नव्या सह्या झाल्या असत्या, आणि वादळाच्या दुपारी इंजिनं तडे गेलेल्या नळ्यांवर सुरू झाली असती. सावलीचे आभार त्यांनी मानले. घरी जेवायला बोलावून, तिच्या बायकोसकट. शिफ्टप्रमुख बाईंचे मानले. दूरच्या केंद्रातल्या त्या गृहस्थांना नव्या नळ्या परत पाठवताना सुंदर समासाचं पत्र जोडलं. राहिलं होतं नियामक मंडळ. एका रविवारी त्यांनी टापटिपीने मंडळाला आभाराचं पत्र लिहिलं आणि पाठवून दिलं.

उत्तर येईना. महिने गेले. परवानेसाहेबांना त्याचं आश्चर्य वाटलं नाही. रागही आला नाही. पुढे एक दिवस मंडळाचा लिफाफा आला. त्यांनी तो बायकोला मोठ्याने वाचून दाखवला.

"आपले आभार मिळाले. त्यांवर विचार चालू आहे. तथापि निर्णय घेण्यापूर्वी पुढील खुलासा व्हावा. आभार वैयक्तिक आहेत की संस्थेच्या वतीने? तसेच मंडळाच्या नेमक्या कोणत्या सेवेबद्दल ते मानण्यात आले आहेत, हे स्पष्ट करावे."

बायको हसू दाबत म्हणाली, "आता काय करणार?"

"उत्तर देणार. विचारलंय तर द्यायला नको?"

त्यांनी कोरा कागद घेतला, समास आखला आणि पहिल्या प्रश्नापुढे लिहिलं: वैयक्तिक. दुसऱ्या प्रश्नाशी ते थोडा वेळ थांबले, खिडकीतून समोरच्या घरातला दिवा बघत. मग त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: विलंबाबद्दल.